ऐकू येत नाही, असं सांगणाऱ्यांची संघटना

अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर खात्यात हॉवर्ड स्टोन हे बडं प्रस्थ होतं. मित्र त्यांना रॉकी म्हणत. 1953 साली तेहरानमध्ये इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार उलथवणाऱ्या कटात ते होते. 1957 साली दमास्कसमध्ये तसाच डाव अंगाशी आला आणि सीरियाने त्यांना देशाबाहेर काढलं. या माणसाने जगाच्या राजकारणात काय भलंबुरं केलं याचा हिशेब इतिहासकारांनी मांडावा. एखाद्या इराणी माणसाला विचाराल तर तो फार कडवट निघेल. इथे त्यांचं नाव घ्यायचं ते वेगळ्याच कारणासाठी. लष्करी प्रशिक्षणाच्या काळात, स्फोटाच्या आवाजाने, त्यांचे कान वयाच्या 19व्या वर्षीच अधू झाले होते. कुजबुज टिपणं हाच ज्या धंद्याचा प्राण, त्यात त्यांनी कानाच्या मशीनवर अवघी कारकीर्द काढली. 1975 मध्ये ते निवृत्त झाले आणि 1979 मध्ये वॉशिंग्टनला लागून असलेल्या बेथेस्डा इथे त्यांनी कमी ऐकू येणाऱ्यांची संघटना काढली. नाव ठेवलं ‘सेल्फ हेल्प फॉर हार्ड ऑफ हिअरिंग पीपल’. आद्याक्षरं जोडली की ‘शूऽऽ’ होतं, ओठांवर बोट ठेवून गप्प करताना निघतो तो आवाज. आयुष्यभर गुपितं राखलेल्या माणसाला असा विनोद सुचावा यात नवल नाही. पुढे 2005-06च्या सुमारास संघटनेने नाव बदलून ‘हिअरिंग लॉस असोसिएशन ऑफ अमेरिका’ असं सरळसोट नाव घेतलं.

या संघटनेच्या इतिहासाकडे मी एका कोड्यासारखं पाहतो. आपली अडचण जगापासून लपवणं हीच ज्यांची रोजची धडपड, त्यांची संघटना उभी कशी राहते? आणि राहिली तर ती नेमकी कोणासाठी काम करते?

कोडं नीट समजायचं तर आधी शेजारचं घर पाहायला हवं. अमेरिकेत कर्णबधिरांच्या चळवळीला तोवर शंभर वर्षं होत आली होती. 1880 साली सिनसिनाटीत ‘नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ’ स्थापन झाली. त्याच वर्षी इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हटवून मुलांना तोंडाने बोलायला शिकवावं, असा ठराव झाला. ठरावाला हात वर करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. पुढची कित्येक दशकं मुलांना वर्गात हात बांधून बसायला लावण्यात गेली. त्याविरुद्ध उभी राहिलेली चळवळ भाषेची चळवळ होती. जॉर्ज व्हेडित्झ यांनी 1913 मध्ये कॅमेऱ्यासमोर उभं राहून, खुणांच्याच भाषेत, खुणांची भाषा जपण्याचं आवाहन केलं. ती फिल्म आजही पाहायला मिळते. 1988च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनी फाटकं बंद केली आणि विद्यापीठाला पहिला कर्णबधिर अध्यक्ष, आय. किंग जॉर्डन, मिळवून दिला. या समाजाकडे भाषा आहे, शाळा आहेत, आपापसात जुळलेली लग्नं आहेत, स्वतःचे विनोद आणि स्वतःचे वीरपुरुष आहेत. आपण काही गमावलं आहे हेच मुळात त्यांना मान्य नाही.

चाळिशी-पन्नाशीनंतर हळूहळू ऐकू कमी येऊ लागलेल्या माणसाकडे यातलं काहीही नसतं. तो ऐकणाऱ्यांच्या जगात वाढलेला असतो. बायकोमुलं ऐकणारी, नोकरी ऐकणाऱ्यांतली. खुणांची भाषा शिकायची तर बोलायचं कोणाशी? आपल्यासारखे आणखी कुठे आहेत हेही त्याला ठाऊक नसतं, कारण तेही लपलेले. मग एक तंत्र अंगवळणी पडतं. सगळे हसले की हसायचं. प्रश्न कळला नाही तर ‘हो ना’ म्हणून वेळ मारून न्यायची. किंवा आपणच अखंड बोलत राहायचं, म्हणजे ऐकण्याची वेळच येत नाही. वाचाळ म्हणून नावाजलेल्या कित्येक म्हाताऱ्यांचं खरं दुखणं कानात असतं. पुढे लग्नकार्यांना जाणं कमी होतं, नाटक सुटतं, फोन मुलाकडे दिला जातो, आणि घरातले म्हणतात, ‘बाबा हल्ली फार एकलकोंडे झालेत.’ आपल्या नाटक-सिनेमाने तर बहिऱ्या माणसाला हमखास हशा वसूल करणारं पात्र करून टाकलं आहे. विचारलं एक, उत्तर दिलं भलतंच, की टाळी. असा माणूस उद्या सभेत उभा राहून ‘मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणेल अशी अपेक्षा कोणी आणि का करावी?

अमेरिकेत याआधी प्रयत्न झाले नव्हते असं नाही. एडवर्ड निची या, स्वतः बहिऱ्या असलेल्या, ओठवाचनाच्या शिक्षकाच्या भोवती न्यूयॉर्कमध्ये 1910 साली एक मंडळ उभं राहिलं. 1919 मध्ये वेंडेल फिलिप्स या कानाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने राष्ट्रीय पातळीवर संघटना झाली. या संघटनांनी शाळकरी मुलांचे कान तपासण्यासारखी मोलाची कामं केली. पण डॉक्टर, शिक्षक, तपासनीस यांचा शब्द हळूहळू वरचढ झाला, नावं बदलत गेली आणि साठच्या दशकात ती राष्ट्रीय संघटना व्यावसायिक संस्थांमध्ये विरून गेली. ओठवाचनावरचा भाबडा भरवसाही त्या काळाचाच. आरशासमोर उभं राहून ‘मामा’, ‘बाबा’, ‘पापा’ हे शब्द आवाज न काढता म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क, ख, ग, घ तर घशात मागेच तयार होतात, बाहेर काही दिसतच नाही. ओठवाचन म्हणजे थोडं पाहणं आणि बरंचसं ताडणं. दिवसभर ताडत राहिलेला माणूस संध्याकाळी गळून जातो, आणि हे थकणं कोणत्याही तपासणीच्या कागदावर उमटत नाही.

स्टोन यांनी वेगळं काय केलं? संस्थेचं कामच त्यांनी कमी ऐकू येणाऱ्यांच्या हाती ठेवलं. गावोगावी शाखा, सभासदांनीच सभासदांसाठी चालवलेल्या बैठका, आणि एक नियतकालिक. त्या बैठकांत नवख्याला पहिला धडा मिळे तो यंत्राचा नसून वाक्याचा: मला कमी ऐकू येतं, माझ्याकडे तोंड करून बोला, खिडकीला पाठ करून बसू नका, ओरडू नका. ओरडण्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण इथेच ऐकणाऱ्यांची सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. वयाबरोबर आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स, फ, ट, क यांसारखी व्यंजनं विरळ होतात, स्वर मात्र शिल्लक राहतात. माणसाला आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. ‘अरे, ओरडतोस कशाला, ऐकू येतंय मला, तू म्हणतोस काय ते कळत नाही,’ हे घराघरांतलं वाक्य तक्रारखोर म्हाताऱ्याचं वाटतं. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते तंतोतंत खरं आहे. ज्या कानातल्या पेशीच मेल्या आहेत त्याला मोठा आवाज दिला तर मोठा गोंधळ मिळतो.

त्याच सुमारास एक अनपेक्षित मदत झाली. 1983च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन कानात मशीन घालून लोकांसमोर आले. सिनेमाच्या दिवसांत सेटवर कानाजवळ पिस्तूल उडाल्यामुळे त्यांचा कान बिघडल्याचं सांगितलं जातं. श्रवणयंत्रांची विक्री एकदम वाढली. रेगन या संघटनेसाठी आले नव्हते, पण त्यांनी तिचा मुद्दा सिद्ध केला: या दुखण्यात कानाइतकीच लाजही अडसर असते, आणि वरच्या पायरीवरचा एक माणूस उघडपणे वागला की खालच्या हजारोंची भीड चेपते.

आता टेलिफोनची गोष्ट, कारण या चळवळीचं मर्म मला तिथे सापडतं. टेलिफोन ज्याच्या नावावर आहे तो अलेक्झांडर ग्रॅहम बेल कर्णबधिरांचा शिक्षक होता. आई बहिरी, बायको मेबल लहानपणीच्या स्कार्लेट तापाने बहिरी. आवाजाच्या ज्या अभ्यासातून टेलिफोन निघाला तो अभ्यास त्याने या कामासाठीच सुरू केला होता. (याच बेलने 1883 मध्ये कर्णबधिरांची आपापसातली लग्नं वाढली तर माणसांची बहिरी जात तयार होईल अशा अर्थाचा प्रबंध वाचला, कर्णबधिर समाजाने त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि ते योग्यच आहे.) मेबलला मात्र नवऱ्याचं यंत्र कधीच वापरता येणार नव्हतं.

जुन्या रिसीव्हरमध्ये विद्युतचुंबक आणि पातळ पडदा असे. पडदा थरथरला की आवाज येई, आणि त्याच वेळी चुंबकीय क्षेत्राचा थोडा अंश बाहेर सांडे. हे सांडणं अभियंत्यांच्या लेखी निव्वळ दोष. पण श्रवणयंत्रात तारेचं छोटं वेटोळं बसवलं की ते नेमकं हे सांडलेलं क्षेत्र पकडून त्याचा आवाज करतं. या वेटोळ्याला टेलिकॉइल म्हणतात. यंत्राचा मायक्रोफोन बंद करून टेलिकॉइल चालू केली की खोलीतला पंखा, भांडी, पोरांचा कालवा, सगळं नाहीसं होतं आणि फोनमधला आवाज तेवढा कानात उतरतो. कोणीही न ठरवता, एका दोषातून, कमी ऐकू येणाऱ्यांना फोन मिळाला होता.

मग दूरध्वनी कंपन्यांनी सुधारणा केली. नवे रिसीव्हर आले, त्यांतून चुंबकीय गळती कमी होऊ लागली, आणि लोकांच्या श्रवणयंत्रांत फोन मुका झाला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्या कारखान्यात, त्या प्रयोगशाळेत या लोकांची आठवण ठेवणारं कोणी नव्हतं इतकंच. कोणत्याही वंचित गटाचा इतिहास पाहा, दुष्टाव्यापेक्षा हे विसरणंच त्यात जास्त नुकसान करून गेलेलं दिसतं. बाल्टिमोरचे डेव्हिड सॅक्स 1970च्या दशकात या एकाच प्रश्नाला चिकटून बसले. पुढे स्टोन यांची संघटनाही या लढ्यात उतरली. 1982च्या कायद्याने सार्वजनिक आणि तातडीच्या वापराचे, म्हणजे ‘अत्यावश्यक’ फोन श्रवणयंत्राशी जुळले पाहिजेत असं ठरलं. जुळणारा सार्वजनिक फोन ओळखू यावा म्हणून रिसीव्हरच्या दोरीच्या टोकाशी निळी कडी बसवत. या कायद्यातली मेख लक्षात घ्या. कोणता फोन अत्यावश्यक हे दुसराच कोणी ठरवणार. हॉटेलच्या खोलीत, मित्राच्या घरी, ऑफिसात शेजारच्या टेबलावर असलेला फोन चालेलच याची हमी नाही. म्हणून मागणी पुढे गेली आणि 1988च्या कायद्याने 1989च्या ऑगस्टपासून अमेरिकेत बनणारा किंवा बाहेरून येणारा तारेचा प्रत्येक फोन श्रवणयंत्राशी जुळणारा असणं बंधनकारक केलं. मोबाइलला सूट दिली होती. ती मोडून काढायला 2003 उजाडलं, आणि शंभर टक्के मोबाइल जुळणारे हवेत हा निर्णय व्हायला 2024.

‘अत्यावश्यक फोन’पासून ‘प्रत्येक फोन’पर्यंतचं हे अंतर म्हणजे एका विचारातून दुसऱ्या विचारात जाणं आहे. पहिल्या विचारात गरजू माणसाने पुढे यावं, आपण गरजू असल्याचं दाखवावं, आणि मग त्याची सोय व्हावी. दुसऱ्यात सोय आधीच सगळीकडे असते; ज्याला हवी तो ती वापरतो, कोणाला सांगण्याची गरज पडत नाही. बैठकांत ‘उघड सांगा’ असं शिकवणाऱ्या संघटनेने कायद्याच्या दारात मागितलं ते मात्र सांगावंच लागणार नाही असं जग. मला यात ढोंग दिसत नाही. काही थोड्यांनी लाज सोडून उभं राहायचं, म्हणजे बाकीच्या लाखोंना उभं राहावं लागणार नाही, अशी ही कामाची वाटणी आहे.

टीव्हीवरच्या कॅप्शनचंही तेच झालं. 1980च्या मार्चमध्ये अमेरिकेत हवी तेव्हा दाखवता येणारी कॅप्शन सुरू झाली, पण ती दिसायला वेगळी पेटी विकत घेऊन टीव्हीला जोडावी लागे. पेट्या अपेक्षेपेक्षा फारच कमी खपल्या. किंमत हे एक कारण. दुसरं माझ्या मते असं, की दिवाणखान्यात ती पेटी ठेवणं म्हणजे पाहुण्यांना जाहीर निवेदन देणं. 1990च्या कायद्याने 13 इंची किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत ती सोय आतच बसवायला लावली आणि 1993च्या जुलैपासून पेटीचा प्रश्न मिटला. मग जिममध्ये धावणारे, विमानतळावर ताटकळणारे, इंग्रजी शिकणारे स्थलांतरित, बाळ झोपल्यावर आवाज बंद करून मालिका पाहणाऱ्या आया, सगळे कॅप्शन वाचू लागले. ज्यांच्यासाठी ती मागितली होती ते त्या गर्दीत दिसेनासे झाले. त्यांना तेच हवं होतं.

1990चाच अपंगत्वविषयक मोठा कायदा, एडीए, हा या सगळ्याचा कळस. तो घडवण्यात कर्णबधिरांच्या आणि कमी ऐकू येणाऱ्यांच्या संघटना एका बाजूला होत्या. त्यातून आलेल्या नियमांमुळे ध्वनिवर्धक असलेल्या सभागृहांत श्रवणसाहाय्याची यंत्रणा ठेवणं भाग पडलं. त्यातली या संघटनेची लाडकी यंत्रणा म्हणजे लूप. ब्रिटनमध्ये जोसेफ पोलिआकॉफ यांनी 1937 मध्ये तिचं पेटंट घेतलं. खोलीभोवती एक वायर फिरवायची, वक्त्याच्या माइकमधला आवाज तिच्यातून सोडायचा, आणि तीच टेलिकॉइल तो आवाज कानात आणून पोचवते. श्रवणयंत्राचा मायक्रोफोन हातभर अंतरावर चांगला चालतो. वक्ता वीस फुटांवर गेला आणि भिंतींवरून आवाज उलटून येऊ लागला की लाखभर रुपयांचं यंत्रही हात टेकतं. तेव्हा दोष कानाचा म्हणायचा की खोलीचा? ‘खोलीचा’ हे उत्तर ठासून द्यायला या लोकांनी जगाला शिकवलं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या तिकीटखिडक्यांवर लूप बसले ते या उत्तरामुळेच.

कर्णबधिर समाजाशी त्यांचं नेहमीच जुळलं असं नाही. कॅप्शनवर एकी, शस्त्रक्रियेवर बेकी. 1990 मध्ये दोन वर्षांवरील मुलांना कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवायला परवानगी मिळाली तेव्हा ‘नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ’ने त्यावर कठोर टीका केली, 2000 मध्ये भूमिका बरीच मवाळ झाली. एका गटाच्या लेखी ते यंत्र म्हणजे पुढच्या पिढीतून आपली भाषा पुसण्याचा बेत, तर दुसऱ्याच्या लेखी गेलेलं परत मिळण्याची आशा. दोघांनाही आपापल्या जागी खरं मानावं लागतं, कारण माणसंच वेगळी आहेत. जन्मतः बहिऱ्या बाळाला ऐकण्याची उणीव भासत नाही. पन्नाशीत कान गेलेल्या गायकाला ती क्षणोक्षणी भासते. मला खटकते ती सरकारांची आणि वर्तमानपत्रांची सवय, की या दोघांना एकाच रकान्यात कोंबायचं आणि मग एकाची मागणी दुसऱ्याच्या तोंडी घालायची. सभेत खुणांच्या भाषेचा दुभाषा उभा केला की सगळ्या बहिऱ्यांची सोय झाली असं समजणारे आयोजक सगळीकडे भेटतात. समोर बसलेल्या बहुसंख्य कमी ऐकू येणाऱ्यांना त्या दुभाष्याचा काहीच उपयोग नसतो.

पैशाच्या आघाडीवर मात्र संघटनेला मोठं अपयश आलं, आणि त्याचं मूळ त्याच लपण्यात आहे. अमेरिकेत वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, 1965 साली झाली तेव्हाच तिच्या कायद्यात श्रवणयंत्रं वगळली गेली. मूळ योजनेत ती आजही वगळलेलीच आहेत. 2021 मध्ये ती आणण्याचा प्रस्ताव संसदेत होता, तोही बारगळला. ब्रिटनने 1948 पासून आरोग्यसेवेतून श्रवणयंत्रं फुकट दिली. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2011 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत एका तरी कानाने कमी ऐकणारे 4 कोटी 80 लाख लोक आहेत. एवढ्या मतदारांनी एका आवाजात मागितलं असतं तर कोणता पक्ष नाही म्हणाला असता? पण ते मागत नाहीत. त्यांना मिळणाऱ्या सोयी वापरतात, संघटनेचे सभासद होत नाहीत, आणि त्यातले कित्येक आपल्याला ऐकू कमी येतं हे बायकोलाही कबूल करत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या आणि श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकेल अशा अमेरिकी लोकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लोकांनी ते कधी वापरलेलं आहे. संघटनेचं यशच तिला पोखरतं. सोय जितकी बिनबोभाट, तितकं तिच्यासाठी भांडणाऱ्याचं ऋण विसरणं सोपं.

विमा मिळेना तेव्हा किंमत खाली आणण्याचा मार्ग उरला. 2015 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने एका श्रवणयंत्राची सरासरी किंमत 2,363 डॉलर असल्याचं दाखवून दिलं. दोन कानांना दुप्पट. 2016 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल आला, त्याच्या प्रायोजकांत ही संघटनाही होती. 2017 मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्र विकण्याचा कायदा झाला. व्यवसायातल्या अनेकांनी विरोध केला; बंदूकमालकांच्या एका संघटनेनेही केला, कारण शिकारी कानात घालतात ती आवाज वाढवणारी उपकरणं या नियमात अडकतील अशी त्यांना भीती. (अमेरिकेत कोणताही कायदा बंदुकीला वळसा घालून पुढे जात नाही हेच खरं.) नियम अंमलात यायला 17 ऑक्टोबर 2022 उजाडलं. सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या सज्ञान माणसाला आता दुकानात जाऊन यंत्र उचलता येतं.

या बाबतीत संघटनेने विक्रेत्यांच्या नाराजीची पर्वा केली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. श्रवणयंत्रं आणि इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्या तिच्या अधिवेशनांना आणि 2006 पासून निघणाऱ्या पदयात्रांना पैसा देतात, म्हणून ही नोंद महत्त्वाची. तरीही शंका उरतेच. अलीकडे या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी एकच धाक आहे: कानाकडे दुर्लक्ष कराल तर स्मृतिभ्रंश होईल. मध्यम वयात ऐकू कमी येणं आणि पुढचा स्मृतिभ्रंश यांचा संबंध अभ्यासांतून दिसतो, हे खरं. पण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ या मोठ्या चाचणीत, तीन वर्षांच्या अखेरीस, एकूण सहभागींच्या बुद्धीच्या घसरणीत यंत्र दिल्याने फरक पडला नाही. आधीच जास्त धोका असलेल्या गटात मात्र घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. जाहिरातीत दुसरं वाक्य येतं, पहिलं गाळलं जातं. नातवाची गोष्ट ऐकायची आहे, बायकोशी बोलायचं आहे, सभेत मत द्यायचं आहे, एवढं कारण माणसाला पुरेसं असायला हवं. त्याला घाबरवून यंत्र विकणं म्हणजे लाजेची जागा भीतीने भरणं.

हे सगळं अमेरिकेचं. आपल्याकडे मोजणीपासूनच सुरुवात आहे. 2001च्या जनगणनेत श्रवणयंत्र लावून ऐकू शकणाऱ्याला अपंगांत धरलं नव्हतं. देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले 12.6 लाख निघाले. 2011 मध्ये व्याख्या रुंदावली, कमी ऐकू येणारेही आले, आणि आकडा 50.7 लाख झाला. दहा वर्षांत देश चौपट बहिरा झाला नव्हता. गणना करणाऱ्याने विचारलेला प्रश्न बदलला होता. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 70 डेसिबल ऱ्हास असलेला कर्णबधिर आणि 60 ते 70च्या दरम्यानचा कमी ऐकू येणारा. ज्याचा ऱ्हास 50 डेसिबल आहे तो निवृत्त शिक्षक, तो बँकेच्या काचेपलीकडचा कारकून काय म्हणतोय ते कळत नाही म्हणून मुलाला सोबत घेऊन जाणारा माणूस, कायद्याच्या लेखी धडधाकट आहे. नोकरीतल्या आरक्षणासाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते, ते समजतं. पण खिडकीवरचा माइक, व्याख्यानाचा पडद्यावर उमटणारा मजकूर, न घुमणारं सभागृह यांना प्रमाणपत्र कशाला लागावं?

आणि महाराष्ट्रात तर संघटना शून्यातून काढायचीही गरज नाही. शहरांत, तालुक्यांत, मोठ्या गावांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. सहली, वाढदिवस, रक्तदाब तपासणी, व्याख्यानमाला नेमाने चालतात. व्याख्यानं बहुधा टाइल्स लावलेल्या, उघड्या खिडक्यांच्या, पंखे घरघरणाऱ्या हॉलमध्ये होतात आणि स्पीकर कर्कश असतो. पुढच्या दोन रांगा सोडल्या तर मागे किती जणांपर्यंत शब्द पोचले हे कोणी विचारत नाही, कारण टाळ्या सगळेच वाजवतात. कोणत्या तरी एका संघाच्या वार्षिक सभेत ‘पुढचं व्याख्यान पडद्यावर मजकूर उमटेल अशाच हॉलमध्ये घ्यायचं’ असा ठराव झाला, तर त्याला लागणारा खर्च एका सहलीच्या बसभाड्याहून फार जास्त असेल असं मला वाटत नाही. मराठी बोलणं ऐकून मजकूर उमटवणारी साधनं आता साध्या मोबाइलमध्येही आहेत. चुका करतात, पण मागच्या रांगेत बसून नुसतं ताडण्यापेक्षा बरी.

अमेरिकेत मात्र वाद पुढच्या टप्प्यावर गेला आहे. ब्लूटूथवर चालणारं ‘ऑराकास्ट’ नावाचं नवं तंत्र आलं असून सभागृहातला आवाज त्यातून थेट श्रवणयंत्रात पोचवता येतो. वायर फिरवण्याची कटकट नाही. यंत्रं इवलीशी करण्याच्या नादात काही कंपन्या त्यांतून टेलिकॉइल काढून टाकत आहेत. चळवळीतले जुने लूपवाले म्हणतात, दोन्ही सोयी बरीच वर्षं शेजारी शेजारी ठेवा. त्यांचं गणित साधं आहे. लूपच्या खोलीत शिरल्यावर कानामागचं एक बटण दाबलं की झालं; नव्या तंत्रात मोबाइल काढा, ॲप उघडा, यादीतून योग्य सभागृह निवडा, आणि जमलं नाही तर स्वागतकक्षातल्या तरुणाला विचारा. ऐंशी वर्षांच्या बाईंना पुन्हा ते विचारणं आलं. शिवाय ज्या व्यवस्थापकांनी आजवर वायरही टाकली नव्हती, त्यांना नवं तंत्र पक्कं होईपर्यंत काहीच न करण्याचं सोयीचं निमित्त मिळालं आहे. या वादात मी लूपवाल्यांच्या बाजूचा आहे.